पाणी ओसरल्यावर : भावनिक अस्थिरता, ताणाशी सामना आणि नंतरचा त्रास यांविषयी कोल्हापुरातील एक प्रकरण

ऑगस्ट 2019 च्या महापुरात शहरातील एका निवारा केंद्रात सहा दिवस आणि सहा रात्री राबलेली, नोंदवही सांभाळणारी, म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांच्या वेळा तोंडपाठ ठेवणारी 19 वर्षांची मुलगी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आईबरोबर उपचारासाठी माझ्यासमोर येऊन बसली, तेव्हा तिला स्वतःचे नाव सांगतानाही रडू आवरत नव्हते. केंद्रातल्या प्रत्येकाने तिचे कौतुक केले होते. तीन महिन्यांनंतर ती कॉलेजला जात नव्हती, परीक्षेचे दोन पेपर तिने दिले नव्हते, आणि तिने स्वतःला इजा करून घेतल्याचे आईच्या लक्षात आले होते. पहिल्या भेटीत तिने सांगितलेले एक वाक्य मी तसेच लिहून ठेवले. ‘‘पाणी होतं तवर मी नीट होतो, मॅडम. पाणी गेलं आणि मला काय झालं त्येच कळंना.’’ (आपल्याकडच्या मुली ‘मी होतो’, ‘मी आलो’ असेच बोलतात; तिचे बोलणे मी कुठेही बदललेले नाही.)

प्रस्तुत लेखन या एका वाक्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न आहे. तिच्या लेखी संमतीने ते करत आहे. ओळख पटू शकेल असे घरचे आणि शिक्षणाचे तपशील बदलले आहेत आणि नाव दिलेले नाही.

पार्श्वभूमी

वडील ट्रकचालक, महिन्यातले 20 दिवस पुणे–बेंगळुरू महामार्गावर. आई घरातून विद्यार्थ्यांना डबे पुरवते. शुक्रवार पेठेतले भाड्याचे जुने घर, तिच्यापेक्षा सात वर्षांनी धाकटा भाऊ, आणि ती वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला. घरात मारझोड नव्हती आणि व्यसन नव्हते. हे मुद्दाम नोंदवते, कारण असे रुग्ण दिसले की घरात काहीतरी भयंकर घडलेले असणार असे आपण गृहीत धरतो, आणि ते सापडले नाही की मुलीच्या त्रासावरच शंका घेऊ लागतो.

आईच्या सांगण्याप्रमाणे ती तान्ही असल्यापासूनच वेगळी होती. ‘‘एकदा रडाय लागली की तास-दीड तास थांबायची न्हाई. आणि हसली तरी तसंच, सगळी आळी गोळा करायची.’’ भावना लवकर उसळणे, जास्त उंच जाणे आणि खाली यायला वेळ लागणे हा काही मुलांचा जन्मजात स्वभाव असतो. तो विकार नव्हे.

ती नऊ वर्षांची असताना धाकट्या भावाच्या हृदयातील जन्मजात दोषावर उपचार करण्यासाठी आईवडील त्याला घेऊन मुंबईला गेले आणि तिला भुदरगड तालुक्यातील एका गावी आत्तीकडे ठेवले. ‘‘दोन दिसांत येतो’’ असे सांगून गेलेले आईवडील गुंतागुंत वाढल्यामुळे सात महिन्यांनी परतले. मधल्या काळात ती दर रविवारी एस.टी. थांब्यावर जाऊन बसत असे. आत्ती प्रेमळ होती, पोटच्या मुलीसारखे तिला सांभाळत होती. परंतु ती रडू लागली की आत्ती म्हणत असे, ‘‘भाऊ दवाखान्यात हाय आणि तुला रडाय काय झालंय? तुला काय कमी हाय हितं?’’ या वाक्यात दुष्टपणा नाही. आपल्या घराघरांत ते बोलले जाते. मात्र सात महिने रोज ऐकल्यावर मुलीने त्यातून एक गोष्ट शिकून घेतली : आपल्याला जे वाटते ते वाटण्याचा आपल्याला हक्क नाही. दुसरी गोष्ट तिला अनुभवातून कळली. साध्या रडण्याकडे कोणी बघत नसे; पण एकदा ती चक्कर येऊन पडली आणि एकदा रात्रभर किंचाळत राहिली, तेव्हा दोन्ही वेळा मुंबईला फोन लावून आईशी बोलणे करून देण्यात आले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची जैवसामाजिक मांडणी हीच आहे. तीव्र भावनिक स्वभाव आणि त्या भावनांना सतत खोटे ठरवणारे वातावरण हे दोन घटक वर्षानुवर्षे एकमेकांना खतपाणी घालत राहिले की भावना आवरण्याचे कौशल्य घडत नाही. असे वातावरण सौम्य अभिव्यक्तीकडे दुर्लक्ष करते आणि टोकाच्या अभिव्यक्तीला अधूनमधून प्रतिसाद देते; त्यामुळे टोकाला जाणे ही त्या व्यक्तीची भाषाच बनते. लोक ज्याला ‘नाटकं’ म्हणतात त्याचा उगम बहुधा इथे असतो, आणि ते नाटक नसते.

महापुराचे सहा दिवस

राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोक्याची पातळी 43 फूट मानली जाते. त्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेल्याने वाहतूक काही दिवस ठप्प झाली आणि वडील ट्रकसह पलीकडे अडकले. आई आणि भाऊ राजारामपुरीत मामाकडे गेले. ती मात्र एका मैत्रिणीबरोबर निवारा केंद्रात मदतीला गेली आणि तिथेच राहिली.

स्वतःचे घर बुडालेले, वडिलांचा पत्ता लागत नाही, आणि तरीही ती तिथे सर्वांत शांत होती. हे कसे? मी यावर बराच विचार केला आहे, कारण या प्रकरणाची किल्ली मला इथे दिसते. केंद्रात पुढचे काम नेहमी समोर असे : चादरी मोजायच्या, चपात्या वाटायच्या, नवीन आलेल्यांची नावे लिहायची. मी कोण, हा तिला कायम छळणारा प्रश्न तिथे उरलाच नव्हता, कारण सगळे तिला ‘नोंदणीवाली ताई’ म्हणत. भोवती चोवीस तास माणसे होती आणि पाण्याने वेढल्यामुळे कोणीही सोडून जाणार नव्हते. इतरांच्या चेहऱ्यावरचा ताण क्षणात टिपण्याची तिची क्षमता, जी घरात ‘लई मनाला लावून घेतीस’ म्हणून हिणवली जाई, ती तिथे गुण ठरली. एरवी तिच्या आतले वादळ बाहेरच्या जगाशी विसंगत असे. त्या सहा दिवसांत बाहेरही तेवढेच वादळ होते, आणि म्हणून पहिल्यांदाच ती इतरांसारखी होती.

पाणी उतरले. केंद्र बंद झाले. घराच्या भिंतींना ओल आणि गाळाचा वास राहिला, आईने डब्यांची मोडलेली घडी बसवण्यासाठी पहाटे चारला उठायला सुरुवात केली, आणि स्वयंसेवकांचा व्हॉट्सॲप ग्रुप गणपतीपर्यंत मूक झाला. केंद्रातली ती जिवाभावाची मैत्रीण सप्टेंबरमध्ये पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला गेली. एका संध्याकाळी तिने मैत्रिणीला एकामागून एक सुमारे 60 संदेश पाठवले. पहिले काळजीचे, नंतरचे विनवणीचे, शेवटचे शिव्यांचे. मैत्रिणीने ‘मला थोडा वेळ दे’ एवढेच उत्तर दिले आणि दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक केला. आदल्या आठवड्यात ‘माझ्या बहिणीपेक्षा जवळची’ असलेली ती मुलगी एका रात्रीत ‘दगाबाज’ झाली. त्या रात्री तिने पहिल्यांदा स्वतःला इजा करून घेतली.

निदानाविषयी

सीमावर्ती (बॉर्डरलाइन) व्यक्तिमत्त्व विकाराची शक्यता पाहणाऱ्या दहा प्रश्नांच्या मॅक्लीन चाळणी चाचणीत 7 किंवा त्याहून अधिक उत्तरे होकारार्थी आली तर सखोल तपासणी करावी असे मानतात. तिची 8 आली. चाळणी म्हणजे निदान नव्हे, म्हणून चार भेटींत सविस्तर मुलाखत घेतली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकारासाठी नऊ निकष आहेत आणि त्यांपैकी किमान पाच आवश्यक असतात. तिच्यात सहा स्पष्ट होते : सोडून दिले जाण्याची भीती आणि ते टाळण्याची धडपड, एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाणारी नाती, स्वतःविषयीची अस्थिर प्रतिमा, स्वतःला इजा, तासातासाला बदलणारी मनःस्थिती आणि पोकळपणा. ‘‘सगळी निघून गेली की मी भांड्यागत रिकामा होतो,’’ हे तिचे पोकळपणाचे वर्णन कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नेमके आहे.

मानसोपचारतज्ज्ञ सहकाऱ्यांनी द्विध्रुवी (बायपोलर) विकाराची, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येण्याची, शक्यता तपासली. परंतु तिच्या मनःस्थितीतील चढउतार दिवसांचे नव्हे तर तासांचे होते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी एखाद्या नात्यातील घटनेनंतर आलेले होते. पुराची भयस्वप्ने किंवा पाण्याची भीती नव्हती. थायरॉइडचा अहवाल सामान्य आला. नैराश्य मात्र निश्चित होते. नऊ प्रश्नांच्या नैराश्यमापनावर 27 पैकी 19. त्यासाठी औषध सुरू झाले, आणि हे औषध नैराश्याचे आहे, व्यक्तिमत्त्वाच्या या स्वभावविशेषांसाठी खास असे औषध उपलब्ध नाही, हे मानसोपचारतज्ज्ञांनी तिला आणि आईला स्पष्ट सांगितले.

आईने विचारले, ‘‘बॉर्डरलाइन म्हंजे बॉर्डरवरच हाय न्हवं मॅडम? पलीकडं न्हाई गेली?’’ प्रश्न रास्त होता आणि तिला खरे उत्तर देणे आवश्यक होते. 1938 मध्ये मनोविश्लेषक अॅडॉल्फ स्टर्न यांनी हा शब्द वापरला तो मज्जाविकृती (न्यूरोसिस, म्हणजे वास्तवाचे भान शाबूत असलेला मानसिक त्रास) आणि मनोविकृती (सायकोसिस, म्हणजे ते भान सुटणे) यांच्या सीमेवरील रुग्णांसाठी. ती कल्पना मागे पडली आणि 1980 मध्ये अधिकृत वर्गीकरणात शिरलेले नाव मात्र तसेच राहिले. त्यात ‘थोडक्यात बचावली’ असा अर्थ नाही, आणि ‘डोक्यावर परिणाम झाला’ असाही नाही.

मी नोंदवहीत ‘विकार’ न लिहिता ‘सीमावर्ती स्वरूपाचे ठळक स्वभावविशेष, सोबत नैराश्य’ असे लिहिले. नऊपैकी कोणतेही पाच किंवा अधिक निकष निवडण्याचे 256 मार्ग निघतात. म्हणजे एकच शिक्का बसलेल्या दोन व्यक्तींमध्ये फार थोडे साम्य असू शकते, आणि चार निकष असलेली व्यक्ती शिक्क्याबाहेर राहूनही तितकीच होरपळू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणाने, जे जानेवारी 2022 पासून लागू झाले, आधी व्यक्तिमत्त्वातील अडचणीची तीव्रता ठरवावी आणि गरज असल्यास सीमावर्ती स्वरूपाची नोंद जोडावी, असा मार्ग स्वीकारला आहे. 19 वर्षांच्या मुलीबाबत मला तो मार्ग अधिक न्याय्य वाटतो.

सामना करण्याच्या पद्धती

आता मुख्य मुद्द्याकडे येते. अशा स्वभावविशेषांच्या तरुणांना पुढे अधिक मानसिक त्रास होतो, हे नवीन नाही. मानसशास्त्रज्ञ टिमथी ट्रल आणि सहकाऱ्यांनी उपचारासाठी न आलेल्या महाविद्यालयीन तरुणांचा मागोवा घेतला आणि ज्यांच्यात हे स्वभावविशेष जास्त होते त्यांच्यात दोन वर्षांनी शैक्षणिक अडचणी, नात्यांतील बिघाड आणि मनःस्थितीचे विकार अधिक आढळल्याचे 1997 मध्ये मांडले. प्रश्न असा की स्वभाव आणि नंतरचा त्रास यांच्या मध्ये काय घडते. माझ्या अनुभवात मधली बरीचशी जागा सामना करण्याच्या पद्धतींनी व्यापलेली असते, आणि त्या पद्धती बदलता येतात. स्वभाव सहसा तितका बदलत नाही.

मानसशास्त्रज्ञ लाझारस आणि फोकमन यांनी 1984 मध्ये सामना करण्याचे दोन प्रवाह सांगितले : समस्येवर काम करणे आणि भावनेवर काम करणे. दुसरा प्रवाह कमी प्रतीचा, असा गैरसमज विद्यार्थ्यांमध्येही दिसतो. पंचगंगेचे पाणी आपल्या हाताने उतरत नाही. तिथे भावना सांभाळणे हेच काम असते. अडचण येते ती भावना सांभाळण्याऐवजी तिच्यापासून पळण्यात, आणि त्या पळण्याने तात्पुरता आराम खरोखरच मिळतो म्हणून तेच पुन्हा करण्यात.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही एका वहीत दोन रकाने आखले. पहिल्याचे नाव तिने दिले ‘अर्ध्या तासात काय मिळालं’ आणि दुसऱ्याचे ‘दुसऱ्या दिवशी काय उरलं’. असह्य वाटू लागल्यावर ती जे जे करत असे ते सर्व त्यात न लपवता, न लाजता लिहायचे होते. इजा करून घेण्यापुढे पहिल्या रकान्यात तिने लिहिले, ‘डोकं शांत झालं’. दुसऱ्यात, ‘बाह्या लांब घालाय लागल्या, आईशी डोळा मिळवता आला न्हाई’. फोन बंद ठेवून कोण शोधते ते पाहणे यापुढे पहिल्यात ‘कुणीतरी काळजी करत असंल असं वाटलं’ आणि दुसऱ्यात ‘कुणीच केला नव्हता’. सतत संदेश पाठवण्यापुढे पहिला रकाना सर्वांत बोलका होता : ‘पाठवताना ती जवळ हाय असं वाटतं. बोट थांबलं की लांब जाती.’ म्हणजे उत्तर मिळवणे हा त्या 60 संदेशांचा हेतू नव्हताच. संदेश पाठवण्याची क्रिया हाच आधार होता. हे कळल्यावर ‘इतके मेसेज कशाला करतेस’ हा प्रश्न निरर्थक ठरतो.

वहीत आणखी एक नोंद होती, जी मला अपेक्षित नव्हती. ‘दुसऱ्यांची कामं करणे’ असे लिहून तिने पहिल्या रकान्यात ‘मी हाय असं वाटलं’ आणि दुसऱ्यात ‘काम संपलं, मी संपलो’ असे लिहिले होते. महापुरातली सेवाही या यादीत बसते का, यावर आम्ही दोघी कितीतरी वेळ बोललो. तिने जे केले ते मोलाचे होते आणि त्याला आजाराचे लक्षण म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तरीही ती मदत बंद होताच आत काहीच शिल्लक राहिले नाही, हे खरे होते. सहा दिवसांत ती एकूण दहा-बारा तास झोपली होती, घर बुडाल्याबद्दल एकदाही रडली नव्हती, आणि अडकलेल्या वडिलांचा विषय कोणी काढला की उठून चादरी मोजायला जात होती. एकच कृती एकाच वेळी सद्गुण आणि पलायन असू शकते. दोन्हींतला फरक कृती चालू असताना दिसत नाही; ती थांबल्यावर दिसतो.

तिच्या ‘पाणी गेलं आणि मला काय झालं त्येच कळंना’ या वाक्याचे उत्तर मला इथे सापडले. पुराने तिला आजारी पाडले नव्हते. पुराने तिला सहा दिवस उसना आधार दिला होता, आणि तो काढून घेतला गेला तेव्हा तिच्याजवळ स्वतःच्या पद्धती म्हणून त्याच होत्या ज्या नऊ वर्षांच्या मुलीने एस.टी. थांब्यावर शिकल्या होत्या : वाट पाहणे, पारखणे, आणि टोकाला जाणे. प्रत्येक पद्धत त्या क्षणी चालत असे आणि प्रत्येक पद्धत नाते थोडे मोडत असे. नाते मोडले की सोडून दिले जाण्याची भीती खरी ठरत असे, आणि पुढच्या वेळी ती अधिक टोकाला जात असे. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ या चक्राचे फेरे होते.

उपचार

लिनेहान यांच्या डायलेक्टिकल बिहेविअर थेरपीचे (भावना आवरण्याची कौशल्ये शिकवणाऱ्या उपचारपद्धतीचे) पूर्ण स्वरूप, म्हणजे गटातील कौशल्यवर्ग, वैयक्तिक भेटी आणि मधल्या काळात दूरध्वनीवरील साहाय्य, मला देता येण्यासारखे नव्हते. आठवड्याला एक भेट, तिच्यातच कौशल्यांचा सराव, आणि रोजची नोंद, एवढ्यावर आम्ही काम केले. सुरुवात सुरक्षिततेपासून झाली : कोणत्या वेळी कोणाला फोन करायचा, घरातली कोणती वस्तू आईने उचलून ठेवायची, रात्री कोणत्या रुग्णालयात जायचे. (टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी योजनेची 14416 ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली, आज असा आराखडा करताना मी तो क्रमांक सर्वांत वर लिहिते.) ती सज्ञान असल्याने भेटीतील कोणती गोष्ट आईला सांगायची आणि कोणती नाही, याची लेखी समज तिघींत झाली. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. मात्र जिवाला धोका दिसला तर मी गप्प राहणार नाही, हेही त्यात होते.

पहिले तीन महिने भावनेची लाट उतरेपर्यंत काहीही न बिघडवता तग धरणे, एवढेच शिकवले. थंडगार पाण्यात चेहरा बुडवल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया तिला पटकन उपयोगी पडली. संदेशांसाठी नियम ठरला : एक संदेश, मग 40 मिनिटे फोन आईच्या डब्यांच्या कपाटात. त्या 40 मिनिटांत काय वाटते ते लिहायचे. पहिल्या आठवड्यात तिने लिहिले की बाराव्या मिनिटाला मरण येईल असे वाटले आणि तिसाव्या मिनिटाला भूक लागली. या नोंदीने माझ्या कितीतरी स्पष्टीकरणांचे काम केले.

आईबरोबरचे काम अवघड होते. ‘‘तुला वाईट वाटलंय हे कळतंय मला’’ असे म्हणायला सांगितल्यावर ती माउली ओशाळली. त्यांच्या घरात असे कोणी बोलतच नाही. ‘‘आमास्नी कोण असं म्हणलं हुतं?’’ असे तिने विचारले, आणि त्यात मुलीविषयी कुरकुर नव्हती, स्वतःचे जुने दुःख होते. शेवटी तिने स्वतःचा मार्ग काढला. मुलगी अस्वस्थ दिसली की ती समजूत घालत नसे आणि प्रश्नही विचारत नसे. कणकेची परात दोघींच्या मध्ये ठेवून ‘‘बस हितं’’ एवढेच म्हणत असे. मुलीच्या नोंदवहीत ‘परात’ हा शब्द पुढे वारंवार येऊ लागला.

माझ्या हातून एक चूक झाली. फेब्रुवारी 2020 मध्ये घरगुती कारणाने मी एक भेट रद्द केली आणि ‘या आठवड्यात जमणार नाही’ एवढाच संदेश पाठवला. पुढची तारीख दिली नाही. ज्या मुलीला ‘दोन दिसांत येतो’ म्हणून सात महिने सोडले गेले होते तिला मी नेमके तेच दिले. ती तीन आठवडे आली नाही, आणि त्या काळात एकदा इजा झाली. परत आल्यावर मी कारणे सांगितली नाहीत. चूक माझी होती, तुला जे वाटले ते वाटण्यासारखेच होते, आणि यापुढे रद्द करताना त्याच वेळी नवी तारीख देईन, इतके म्हणाले. ती काही वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘‘कुणी चुकलं म्हणून माझ्यासमोर असं पैल्यांदाच म्हणलं.’’ उपचाराला खरी गती त्या दिवसानंतर आली असे मला वाटते. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि पुढचे अनेक महिने आम्ही फोनवरच बोललो.

आकड्यांकडे पाहताना एक क्रम दिसतो आणि तो महत्त्वाचा आहे. संदेशांचा भडिमार जानेवारीपासूनच ओसरला होता. इजेचा शेवटचा प्रसंग जून 2020 मधला. नैराश्याचा गुणांक मात्र मार्चमध्येही 17 होता, म्हणजे जवळजवळ होता तसाच, आणि डिसेंबर 2020 मध्ये तो 11 वर आला. वागणे आधी सावरले, दुःख बरेच नंतर हलले. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनेहान यांच्या पहिल्या तुलनात्मक चाचणीतही असेच चित्र आहे : वर्षभराच्या उपचाराने स्वतःला इजा करण्याचे प्रसंग आणि रुग्णालयातील दिवस नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत घटले, परंतु नैराश्य आणि निराशा यांच्या मापनात दोन गटांत फरक पडला नाही. घरच्यांना हा टप्पा फसवा वाटतो. मुलगी ‘नीट वागते’ म्हणजे बरी झाली असे धरून ते उपचार थांबवू पाहतात, आणि मुलीला आतून वाटते की जुना आराम गेला, नवा मिळालाच नाही. या मधल्या रिकाम्या महिन्यांत तिला धरून ठेवणे हे मला संपूर्ण उपचारातले सर्वांत कठीण काम वाटले.

जुलै 2021

पंचगंगेने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली आणि शुक्रवार पेठेतले ते घर दुसऱ्यांदा पाण्यात गेले. यावेळी तिने मला फोन करून आधी विचारले नाही. ठरवले आणि मग कळवले. दिवसाला चार तास निवारा केंद्रात, रात्री मामाकडे झोप, आणि वडिलांशी रोज एकदा बोलणे. तिने स्वतःहून आणखी एक यादी केली होती, जिला शीर्षक होते ‘पाणी उतरल्यावरचे आठ दिवस’. त्यात घर धुणे, आईबरोबर डब्यांची नवी भांडी आणणे, दोन मैत्रिणींना भेटण्याच्या ठरलेल्या वेळा, आणि एका ओळीत ‘एक दिवस रडायला’ असे लिहिले होते.

पाणी उतरल्यावर तिला त्रास झाला. सप्टेंबरमधला गुणांक 12, म्हणजे डिसेंबरपेक्षा एकाने जास्तच. झोप उडाली होती, आणि एका नव्या मैत्रिणीने दोन दिवस फोन उचलला नाही तेव्हा जुना भडिमार एका रात्रीपुरता परत आला. पण त्या रात्री इजा झाली नाही; दुसऱ्या दिवशी तिने मैत्रिणीला एकच संदेश पाठवून माफी मागितली आणि ती मैत्री टिकली. जानेवारी 2022 मध्ये गुणांक 8 होता. आपत्ती तीच, स्वभाव तोच, भावनेची उसळीही फारशी कमी नव्हती. दोन्ही वेळी तिने पुरानंतर काय केले यात मात्र फरक होता, आणि त्यानंतरच्या चार महिन्यांतही फरक पडला.

यावरून सामना करण्याच्या पद्धती बदलल्यामुळेच सर्व घडले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मधल्या दोन वर्षांत औषध होते, वय वाढले होते, आईचे वागणे बदलले होते, आणि दुसऱ्या वेळी घर बुडण्याचा धक्का अपरिचित नव्हता. शिवाय या स्वभावविशेषांची तीव्रता काळानुसार ओसरते, हेही लक्षात घ्यावे लागते. मानसशास्त्रज्ञ मेरी झनारिनी यांनी अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयातील सीमावर्ती विकाराच्या 290 रुग्णांचा दहा वर्षे मागोवा घेतला तेव्हा 93 टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे निकषांखाली राहिल्याचे आढळले. परंतु लक्षणे ओसरण्याबरोबरच काम आणि नाती यांची घडीही नीट बसलेले रुग्ण निम्मेच होते. हा दुसरा आकडा मी प्रत्येक कुटुंबाला सांगते, कारण लक्षणे जाणे आणि आयुष्य उभे राहणे यांत जे अंतर आहे ते आपोआप भरून येत नाही, आणि नात्यांत रोज वापरायच्या पद्धतींचे काम त्या अंतरातच असते.

मार्च 2022 पासून भेटी महिन्यातून एकदा होऊ लागल्या. तेव्हा ती एका कर सल्लागाराच्या कार्यालयात नोकरीला लागली होती आणि राहिलेले पेपर देऊन पदवी पूर्ण करत होती. एप्रिलच्या भेटीच्या शेवटी मी सांगितले की मे महिन्यात मी दोन आठवडे गावी नसेन. तिच्या चेहऱ्यावर ती ओळखीची सावली आली. हात फोनकडे गेला आणि थांबला. मग तिने पिशवीतून ती दोन रकान्यांची जुनी वही काढली, शेवटचे पान उघडले आणि पेन माझ्यापुढे धरले. ‘‘जून महिन्यातली तारीख तुमच्या हातानं लिहा, मॅडम. आणि मधल्या दोन आठवड्यांत वाईट वाटलं तर मी काय करणार, ते खाली मी लिहितो.’’